बिनतारी संदेश शिवेपाशी का थांबतो?

सोलापूर जिल्ह्यात जेऊर नावाची दोन गावे आहेत. एक करमाळा तालुक्यात, मुंबई-सोलापूर लोहमार्गावरचे. दुसरे अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेकडचे. दोहोंमध्ये शंभराहून अधिक किलोमीटरचे अंतर आहे. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमध्ये, नगर तालुक्यातही एक जेऊर आहे आणि कोपरगावकडे जेऊर कुंभारी व जेऊर पाटोदा आहेत. टपालखात्याने पिनकोड देऊन या नामसाम्याची सोय फार पूर्वी लावून टाकली. परंतु रात्री दोन वाजता घाबऱ्या आवाजात कोणी ‘जेऊरला अपघात झाला आहे, लवकर या’ एवढेच सांगितले, तर ऐकणाऱ्याने कोणत्या दिशेला गाडी धाडायची? आज ११२ क्रमांक फिरविल्यास नवी मुंबई किंवा नागपूर येथील केंद्रात दूरध्वनी उचलला जातो. बोलणारा कोठे उभा आहे हे मोबाइलमुळे तेथील पडद्यावर बहुधा कळतेही. मात्र तोच निरोप पुढे दुसऱ्या खात्याला तोंडी सांगितला जातो तेव्हा पडद्यावरची खूण मागे राहते आणि ‘जेऊर’ हा शब्द तेवढा पुढे जातो.

हा प्रश्न केवळ नावांचा असता तर त्यावर अग्रलेखाच्या पानावर जागा खर्च करण्याचे कारण नव्हते. करमाळ्याच्या जेऊरची भौगोलिक स्थितीच अशी आहे की संकटकाळी धावून येणाऱ्या जवळजवळ सर्व सरकारी यंत्रणांच्या हद्दी तिच्या आसपास येऊन भिडतात. करमाळा शहराला रेल्वे नाही. तालुक्याचे प्रमुख रेल्वेस्थानक म्हणजे जेऊर. पश्चिमेला भीमेवरील उजनी धरणाचा विस्तीर्ण फुगवटा पसरलेला. धरण १९८० साली पूर्ण झाले, त्याची एकूण साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट. या पाण्याच्या पलीकडच्या काठावर इंदापूर तालुका, म्हणजे पुणे जिल्हा. पूर्वेला सीना नदी, आणि तिच्या पलीकडे परांडा तालुका, म्हणजे धाराशिव जिल्हा. वायव्येस कर्जत तालुका, म्हणजे अहिल्यानगर. चार जिल्हे, चार जिल्हाधिकारी, चार पोलीस अधीक्षक; यांखेरीज रेल्वेचे सोलापूर मंडल, लोहमार्ग पोलीस, जलसंपदा विभाग, आरोग्य खाते, करमाळा नगरपरिषदेचा अग्निशामक बंब आणि महावितरण. यांपैकी प्रत्येकाजवळ आपापल्या माणसांशी बोलण्याचे साधन आहे. एकमेकांशी बोलण्याचे साधन मात्र प्रत्येकाच्या खिशातला खासगी मोबाइल, एवढेच!

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात सापडून उजनीच्या पाण्यात उलटली. बोटीतील सात जणांपैकी एक जण पोहून काठाला लागला, सहा जण बुडाले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला शोधकार्यासाठी पाचारण करावे लागले आणि मृतदेह हाती येण्यास दोन दिवस गेले. कुगाव करमाळा तालुक्यातले, कळाशी इंदापूरचे. म्हणजे बोट एका जिल्ह्यातून निघाली होती आणि दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचणार होती. बिनतारी संपर्काच्या अभावामुळे या दुर्घटनेत कोणाचा जीव गेला असे म्हणण्यास आधार नाही, आणि तसे येथे सुचवावयाचेही नाही. वाऱ्याने उलटलेली नाव कोणत्याही संदेशयंत्रणेला सावरता आली नसती. परंतु उजनीचे पाणी ही दोन पोलीसदलांमधील शीव आहे, आणि त्या शिवेवर नेमके कोणी, कोणाशी, कशावरून बोलायचे हे ठरलेले असले पाहिजे, ही जाणीव या घटनेने करून द्यावयास हवी होती. घटनेनंतर चर्चा झाली ती मुख्यत्वे जीवरक्षक कोटांची, बोटींच्या परवान्यांची आणि पुलाची. त्या सर्व गोष्टी आवश्यकच आहेत. संदेशवहनाचा विषय मात्र बाजूलाच राहिला.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, सीनेला महापूर आला. पाऊस पडला अहिल्यानगर आणि धाराशिव जिल्ह्यांत, बुडाली ती करमाळा, माढा, मोहोळ आणि त्याखालच्या तालुक्यांतील काठची गावे. नदीला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते, तसाच पाण्याच्या विसर्गाचा आकडाही हद्दीपाशी थांबून चालत नाही. वरच्या धरणाचा दरवाजा किती उचलला हे खालच्या गावच्या तलाठ्याला किती मिनिटांत कळते, यावर गुरे सोडविता येतील की नाही हे ठरते.

कोणाच्या हाती कोणता संच

बिनतारी संचाचा एक गुण दूरध्वनीत नाही. दूरध्वनीवर एक बोलतो व एकच ऐकतो. बिनतारीवर एक बोलतो आणि त्या लहरीवरचे सगळे ऐकतात. ठाण्यातला अंमलदार काय म्हणाला हे गस्तीच्या गाडीला, चौकीला आणि नियंत्रण कक्षाला एकाच वेळी समजते. पाच जणांना पाच वेळा सांगावे लागत नाही. संकटाच्या पहिल्या अर्ध्या तासात या गुणाची किंमत फार मोठी असते. पुणे, नगर, सोलापूर आदी जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात ‘ग्राम सुरक्षा यंत्रणा’ या नावाने जी दूरध्वनीची सोय चालविली गेली, तिची मेख हीच होती. एकाने नोंदविलेला आवाजी निरोप गावातील सर्व सभासदांच्या दूरध्वनीवर एकदम वाजतो. चोर आले, बिबट्या दिसला, पाणी चढले. एकाने सांगावे, साऱ्या गावाने ऐकावे. ग्रामीण जनतेला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. दवंडीचेच ते नवे रूप आहे.

खेदाची गोष्ट ही की, जे तत्त्व गावाला लागू केले गेले ते सरकारी खात्यांना आपसांत लागू झालेले नाही. पोलिसांची बिनतारी यंत्रणा वेगळ्या लहरींवर चालते. रेल्वेत स्थानकप्रमुखाच्या टेबलावरचा संच, इंजिनचालकाच्या हातातला आणि गाडी व्यवस्थापकाच्या हातातला छोटा संच हे आपसांत बोलतात; त्यांच्या लहरी रेल्वेपुरत्या राखीव आहेत. धरणावरील विसर्गाचे आकडे जलसंपदा विभागाच्या वाटेने जातात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे, तिचे नियंत्रण केंद्र आणखी निराळे. उद्या जेऊर स्थानकाबाहेर काही घडले आणि स्थानकप्रमुख, हवालदार व रुग्णवाहिकेचा चालक एका झाडाखाली येऊन उभे राहिले, तर त्यांना एकमेकांशी बोलता येईल. तिघे शंभर पावले दूर गेले की त्यांचा संवाद तुटला! संच निकामी असतात म्हणून हे घडत नाही. प्रत्येकाच्या संचाला फक्त आपल्याच खात्याची भाषा ऐकू येईल अशी योजना केलेली असते, म्हणून घडते.

मोबाइल आल्यामुळे हा प्रश्न मिटला, असा एक समज आहे, आणि सुशिक्षितांतही तो प्रबळ आहे. खात्याखात्यांचे व्हॉट्सॲप गट असतात, जिल्हाधिकाऱ्यांपासून तलाठ्यापर्यंत सारे त्यांत असतात, छायाचित्रही पाठविता येते. शांततेच्या काळात ही सोय उत्तम आहे. परंतु मोबाइलचा मनोरा विजेवर चालतो, वीज गेली की बॅटरीवर आणि बॅटरी उतरली की बंद पडतो. शिवाय संकट येताच सारा तालुका एकदम आप्तांना दूरध्वनी करू लागतो आणि अधिकाऱ्याचा दूरध्वनी त्याच गर्दीत रांगेत उभा राहतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा देशातील सर्वांत श्रीमंत शहराचे मोबाइल व वीज दोन्ही मोठ्या भागात बंद पडले होते. मुंबईची ही कथा, तर उजनीकाठच्या गावांविषयी निराळे काय सांगावे?

जुने अनुभव, दूरचे आणि जवळचे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे जवळजवळ भुईसपाट झाली, आणि त्याचे धक्के सोलापुरातही जाणवले. सोलापूर जिल्ह्यातील ज्येष्ठ शिक्षकांना त्या दिवसांतला मदतीचा ओघ आणि त्यातला गोंधळ, दोन्ही आठवत असतील. काही गावांत कपड्यांचे ढीग पडले, काही गावांत पाण्याचा टँकर पोहोचला नाही. सद्भावना उदंड होती. कोठे काय पोहोचले याचा निरोप परत येत नव्हता. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुढे जे पुनर्वसन झाले, त्याचाच एक भाग म्हणून महाराष्ट्राने जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे आणि जिल्हा नियंत्रण कक्ष उभारण्यास प्रारंभ केला. देशात हे काम आधी हाती घेणाऱ्या राज्यांत महाराष्ट्राची गणना होते आणि ते श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मात्र या रचनेचा साचा ‘जिल्हा’ हाच राहिला. जिल्ह्याच्या आत वरून खाली निरोप जातो. शेजारच्या जिल्ह्यात आडवा जाण्यासाठी त्याला आधी वर चढावे लागते.

लंडनचा दाखला या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखा आहे. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी किंग्ज क्रॉस या भुयारी स्थानकात आग लागून ३१ माणसे मृत्युमुखी पडली. पुढील वर्षी फेनेल यांच्या चौकशी अहवालाने भुयारातील बिनतारी संपर्काच्या उणिवांवर बोट ठेवले. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी गाड्यांत व एका बसमध्ये बॉम्बस्फोट होऊन ५२ निरपराध नागरिक मारले गेले, तेव्हा अग्निशामक दल, रुग्णवाहिका आणि शहर पोलीस यांचे संच भुयारात अजूनही चालत नव्हते. वाहतूक पोलिसांचे तेवढे चालत होते. अखेर माणसे जिन्यावरून धावत निरोप पोहोचवीत होती. मधल्या सतरा वर्षांत पैसा नव्हता असे नाही, तंत्रज्ञान नव्हते असेही नाही. हे काम कोणत्याही एका खात्याचे नव्हते, म्हणून ते झाले नाही. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ रोजी पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून मनोऱ्यांची अवस्था दिसत होती व इशारा दिला जात होता. तो पोलिसांच्या लहरीवर होता, आणि आतल्या अग्निशामक जवानांच्या संचांवर तो ऐकू येण्याची सोय नव्हती. त्या दिवशी त्या दलाचे ३४३ जवान गेले.

मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याने याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. सोलापूरचे पोलीस आयुक्त राहिलेले अशोक कामटे त्या रात्री कामा रुग्णालयाजवळ हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी नियंत्रण कक्षातील संदेशांच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मिळविल्या आणि २००९ साली पुस्तकरूपाने त्यांवर प्रश्न उपस्थित केले. राम प्रधान समितीनेही त्या रात्रीच्या कारभाराचा विचार केला. कोणाचे म्हणणे बरोबर हे ठरविण्याची ही जागा नव्हे. येथे लक्षात घ्यायचे ते इतकेच की, त्या रात्री प्रश्न दोन खात्यांचा नव्हता. यंत्रणा एकच होती, आणि तरीही एकामागून एक येणाऱ्या संदेशांच्या लोटात महत्त्वाचे कोणते हे निवडणे दुष्कर होते. तेव्हा ‘सर्वांना एकाच लहरीवर आणा, म्हणजे झाले’ हा उपाय सोपा दिसतो तितकाच भ्रामक आहे. दहा खात्यांची शंभर माणसे एकाच लहरीवर बोलू लागली तर कोणालाच काही ऐकू येणार नाही. आठवडी बाजारात सर्वांनी एकदम ओरडावे, तसे ते होईल.

लहरींचे अर्थकारण

येथे अर्थशास्त्राचा थोडा आधार घेणे उपयुक्त ठरेल. बिनतारी लहरी ही विलक्षण संपत्ती आहे. ती वापरून झिजत नाही, साठवून ठेवता येत नाही, आणि एकाच जागी एकाच वेळी दोघांनी वापरली तर दोघांचेही नुकसान होते. १९५९ साली रोनाल्ड कोस यांनी या लहरींचे हक्क बाजारात विकावेत असे मांडले, तेव्हा ती कल्पना पुष्कळांना चमत्कारिक वाटली होती. १९९५ साली न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे स्पष्ट केले. २०१० च्या लिलावात केवळ थ्री-जी लहरींतून केंद्र सरकारला ६७ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम मिळाली, आणि या अदृश्य मालमत्तेची किंमत सामान्य वाचकालाही उमगली. लिलावात जी लहर विकली जाते तिचे मोल कळते. पोलिसांना, रेल्वेला वा धरणाला जी लहर दिली जाते तिचे मोल कोणी मांडत नाही. म्हणून ती नीट वापरली जाते की नाही, हेही कोणी विचारत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. प्रत्येक खाते आपल्या यंत्रणेवर खर्च करते कारण तिचा लाभ त्याला स्वतःला मिळतो. दोन खात्यांना जोडणाऱ्या दुव्याचा लाभ मात्र दुसऱ्या खात्याला अधिक मिळतो आणि सर्वांत अधिक मिळतो तो पुरात अडकलेल्या माणसाला. त्याचे तर अंदाजपत्रकात लेखाशीर्षच नसते. ज्या खर्चाचा लाभ दुसऱ्याच्या पदरात पडतो तो खर्च आपण होऊन कोणी करीत नाही, हा अर्थशास्त्रातील जुना सिद्धान्त आहे. त्यात कोणाचा दुष्टावा नाही. लहरींच्या वाटपाचे काम १९५२ पासून केंद्राची एक स्वतंत्र शाखा करते, आणि राज्याराज्यांच्या पोलीस यंत्रणांत मेळ घालणारे पोलीस बिनतारी समन्वय संचालनालय तर १९४६ पासून आहे. म्हणजे पोलिसांचा पोलिसांशी मेळ घालण्याची गरज स्वातंत्र्यापूर्वीच ओळखली गेली. पोलिसांचा रेल्वेशी, रेल्वेचा धरणाशी मेळ घालणारे असे घर मात्र उभे राहिले नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१२ साली संदेशवहनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ साली सार्वजनिक सुरक्षा व आपत्ती निवारणासाठी देशव्यापी एकात्म जाळ्याची शिफारस केली. शिफारशी अभ्यासपूर्ण होत्या. पण देशव्यापी जाळ्याची वाट जेऊरने पाहत बसावे काय? ब्रिटनसारख्या संपन्न देशाने २०१५ साली जुनी यंत्रणा बदलून नवी आणण्याचे काम हाती घेतले, ते काही वर्षांत व्हायचे होते. त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली आहे.

आधी करार, मग संच

या साऱ्याचा निष्कर्ष असा निघतो की, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे आपसांतील करार. उजनीच्या फुगवट्यासाठी एक समाईक लहर निश्चित करावी. तिच्यावर रोजचे बोलणे होऊ नये. ती केवळ एकमेकांना हाक मारण्यासाठी असावी. इंदापूरच्या व करमाळ्याच्या पोलीस ठाण्यात, धरणाच्या नियंत्रण कक्षात, जेऊर व भिगवण स्थानकांत आणि काठावरच्या निवडक ग्रामपंचायतींत त्या लहरीचा एकेक संच सतत चालू राहावा. त्यावर कोण आधी बोलणार, एका घटनेची सूत्रे कोणाकडे राहणार आणि ती दुसऱ्याकडे केव्हा जाणार, हे आधी लिहून ठेवावे. लहरीला परवानगी मिळेपर्यंत दोन खात्यांनी एकमेकांच्या नियंत्रण कक्षात आपला एक संच व आपला एक माणूस बसविला, तरी निम्मे काम होते. यास नवे तंत्रज्ञान लागत नाही.

पोलिसांची हरकत अशी असेल की, आमचे संदेश इतरांच्या कानी पडता कामा नयेत. हरकत योग्य आहे. परंतु समाईक लहर म्हणजे गुन्हे तपासाची लहर उघडी करणे नव्हे. रेल्वेची हरकत याहूनही रास्त ठरेल: चालक व स्थानकप्रमुख यांच्या संभाषणात तिसऱ्याचा आवाज घुसला तर तोच नव्या अपघाताला कारण होईल. म्हणूनच रेल्वेची लहर तिच्यापाशी राहावी आणि समाईक संच स्थानकप्रमुखाच्या टेबलावर वेगळा असावा.

भाषेचा प्रश्न यंत्राहून कठीण आहे. रेल्वेचा माणूस जागा सांगतो ती किलोमीटरच्या दगडावरून आणि ‘अप’ की ‘डाउन’ यावरून. तलाठी सांगतो गट नंबर व शिवार. जलसंपदा विभागाचा अभियंता क्युसेकमध्ये बोलतो. पोलिसांचे सांकेतिक शब्द वेगळे. आणि उजनीतला मच्छीमार एखादी जागा ओळखतो ती पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावठाणावरून. यांतील कोणाचेच चुकत नाही. चूक होते ती हे सगळे प्रथमच, अंधारात आणि घाईत, एकमेकांशी बोलू लागतात तेव्हा. साध्या मराठीत बोलावे, सांकेतिक शब्द समाईक लहरीवर वापरू नयेत, गावाच्या नावापुढे तालुक्याचे नाव लावल्याखेरीज निरोप पुरा समजू नये, आणि ऐकणाऱ्याने निरोप परत उच्चारून दाखवावा, असे चार-दोन नियम ठरले तर कोणत्याही यंत्रापेक्षा त्यांचा उपयोग अधिक होईल. फुगवट्याच्या काठच्या गावांची, जुन्या-नव्या नावांसह यादी करण्याचे काम करमाळ्यातील किंवा इंदापुरातील एखाद्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाला एका सुट्टीत करता येण्याजोगे आहे.

कायद्याने हे काम कोणाचे, हा प्रश्न संदिग्ध नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ३० अन्वये संदेशवहन यंत्रणा सुस्थितीत आहे ना हे पाहणे व वेळोवेळी रंगीत तालीम घेणे, हे जिल्हा प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. पोलीस अधीक्षक व जिल्हा शल्यचिकित्सक सदस्य. यात रेल्वे आपसूक येत नाही आणि शेजारचा जिल्हाही येत नाही, ही उणीव खरी. परंतु निमंत्रण देण्यास कायद्याची मनाई नाही. दर वर्षी मे महिन्यात प्रत्येक जिल्ह्यात पावसाळ्यापूर्वीची आढावा बैठक होते. सोलापूर व पुणे या दोन जिल्ह्यांनी उजनीपुरती ती एकत्र घ्यावी, रेल्वेच्या सोलापूर मंडलास बोलवावे, आणि सीनेसाठी धाराशिव व अहिल्यानगर यांच्याबरोबर वेगळी घ्यावी. लहरीसाठी अर्ज केंद्राकडे जावा लागेल. दूरसंचार अधिनियम, २०२३ ने आपत्ती व्यवस्थापनासाठी लिलावाविना लहर देण्याची वाट मोकळी ठेवलेली आहे.

राहता राहिला खर्च. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून शोध, बचाव व संदेशवहनाची साधने घेण्यासाठी वार्षिक तरतुदीच्या दहा टक्क्यांपर्यंत खर्च करता येतो, त्यामुळे संच विकत घेण्यास पैसा नाही हे कारण टिकणारे नाही. अडचण पुढे आहे. खरेदीला मंजुरी मिळते, उद्‌घाटन होते, छायाचित्र छापून येते. दोन वर्षांनी बॅटरी उतरते आणि ती कोणत्या लेखाशीर्षातून घ्यायची हे कोणालाच ठाऊक नसते. दोन जिल्ह्यांच्या शिवेवरच्या संचाची बॅटरी तर हमखास दोघांपैकी एकाचीही नसते. म्हणून संयुक्त बैठकीच्या कार्यवृत्तात संचांची संख्या नंतर लिहिली तरी चालेल. त्याआधी दर वर्षीच्या देखभालीचा कोणता वाटा सोलापूरच्या जिल्हा नियोजन समितीने उचलायचा आणि कोणता पुण्याच्या, हे लिहून त्याखाली दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या सह्या झाल्या पाहिजेत.